पेप्टाइड ‘वितळत’ नसतं हो!

भाची इथे इंदूरलाच एका लॅबमध्ये लागलीये, तिने विचारलंय, मामा, पेप्टाइडची (म्हणजे प्रथिनासारखीच, पण छोटी, अमिनो आम्लांची साखळी) पावडर पाण्यात ‘वितळवली’ म्हणायचं का ‘घोळली’, आणि रिकॉन्स्टिट्यूट करणे, म्हणजे सुकी पावडर पुन्हा द्रावणात आणणे, याला मराठीत काय म्हणू?

दोन्ही म्हणू नको बाई. मेण वितळतं, बर्फ वितळतो, तिथे ऊब लागते. साखर पाण्यात विरघळते. (आमची आजी लोणीसुद्धा विरघळलं म्हणायची, ते चालतं, पण चहात साखर वितळली असं ती कधी म्हणाली नाही.) आणि यात हिंदीवर ढकलू नका, हिंदीतपण पिघलना वेगळं न् घुलना वेगळं, खिचडी आपणच करतो. घोळणं तर अजूनच गंमत, मराठीत लाडू खसखशीत घोळवतात, म्हणजे बाहेरून माखतात, आत कण जात नाही.

तुझ्या त्या वायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत, तळाशी जी पांढरी चकतीसारखी वडी बसलेली असते ना, ती गोठवून वाळवलेली असते, बर्फाची थेट वाफ होऊन, शाळेतलं संप्लवन आठव. म्हणजे अख्ख्या प्रकारात बर्फसुद्धा वितळत नाही! उलट सुकवताना मधेच वितळलं तर वडी खचते, माल खराब. तेव्हा तू सरांना ‘पेप्टाइड वितळलं’ सांगितलंस तर ते घाबरतील, आणि बरोबरच घाबरतील.

आता खरी मजा. पेप्टाइड हा शब्द स्वयंपाकघरातला आहे. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली तो आणला, पेप्टोनवरून, आणि डायपेप्टाइड ट्रायपेप्टाइड (दोन अमिनो आम्लांचं, तीन अमिनो आम्लांचं) ही मोजणी साखरेच्या डायसॅकराइडच्या चालीवर, त्याच साली त्याला साखरेवरच्या कामासाठी नोबेल मिळालं होतं. पेप्टोन म्हणजे पेप्सिनने, पोटातल्या पाचक द्रव्याने, पचवलेलं प्रथिन, पेप्सिन हे नाव 1836 चं, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने दिलेलं, आणि त्याच्या मागे ग्रीक पेप्सिस, म्हणजे पचन. बरेच कोशवाले इथे येऊन थांबतात, अरे एक पाऊल पुढे टाका की! ग्रीकचं हे पेप् आणि आपला पच् धातू सख्खी भावंडं. पचन, पाक, पक्वान्न, पिकणं, सगळं त्याच घरातलं. ग्रीकने आपल्याकडून घेतलं असं नाही हं, दोघांची आई एक. आणि आपल्या च च्या जागी तिकडे प कसा म्हणाल तर वच् बघा, आपल्याकडे वचन तर तिकडे ‘एपोस’, त्यातनंच एपिक. हिशेब बसतो की नाही? इथल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जिलेबी पाकात पडते तेव्हा मला तर दरवेळी पेप्टाइडच आठवतं, बायको म्हणते गप खा.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर मात्र ठासून सांगतात की पेप्टाइड म्हणजे संस्कृत ‘पिष्ट’. कसं काय मास्तर? पिष्ट पिष् वरून, म्हणजे दळणं, त्या ष चा प कुठल्या नियमाने केलात? आणि रसायनातही नापास, कारण पिष्टमय पदार्थ म्हणजे कार्बोहायड्रेट, पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. एका फटक्यात दोन्ही विषय बुडवले! बरं, जोडणी होताना प्रत्येक जोडावर पाण्याचा एक रेणू सुटतो म्हणून साखळीत उरलेल्या भागाला रेसिड्यू म्हणतात, त्याला ‘अवशेष’ म्हणणारे भेटतात, मला तो शब्द ऐकला की खंडहर दिसतं, मी ‘कडी’ म्हणतो. दहा कड्यांच्या सरळ साखळीत जोड नऊ.

आणि बाटलीवर प्युरिटी 98 टक्के लिहिलंय म्हणजे वजनाचे 98 टक्के पेप्टाइड असं वाचू नको, त्या टक्क्यात न धरलेलं पाणी आणि क्षार वेगळे असतात, वजनातलं निव्वळ पेप्टाइड कमी भरतं. ‘शुद्धता’ शब्दाने इथे बरेच जण फसतात.

हां, रिकॉन्स्टिट्यूट राहिलंच. वहीत ‘द्रावण तयार केले’ लिही, तोंडी ‘विरघळवून घेतलं’ म्हण. ‘पातळ केलं’ नको, ते डायल्यूट, आधी विरघळल्यानंतरचं काम. पाणी वायलच्या कडेने सोड, हळू फिरव, ताक घुसळल्यासारखं हलवलंस तर फेस होईल.