जाळी अडते, पडदा परत फिरत नाही : कॅम्परच्या खिडक्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळाभर शेडखाली उभे असलेले कॅम्पर ट्रेलर (मोटारीमागे ओढायच्या मुक्कामाच्या गाड्या) दिवाळीच्या सुमारास बाहेर निघतात आणि लगोलग खिडक्यांच्या तक्रारी सुरू होतात. या वेळच्या पत्रांत बहुतेकांनी अडलेल्या जाळीवर आधी तेल सोडले आहे. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. जाळी अडते ती चौकट गुण्यातून (काटकोनातून) गेल्यामुळे, खाचेत घाण बसल्यामुळे किंवा स्प्रिंगचा वा दोऱ्याचा ताण बिघडल्यामुळे. कोरडेपणामुळे अडणारी जाळी फार क्वचित आढळते. म्हणून बाटली बाजूला ठेवा आणि आधी मोजपट्टी हातात घ्या.

प्रश्न (वाई) : घरासमोर ट्रेलरची सरकती जाळी एका बोटाने सरकते. बामणोलीला जलाशयाच्या काठावर गाडी लावली की तीच जाळी अर्ध्यात अडकते, दोन्ही हातांनीही हलत नाही. परत आलो की पुन्हा सुरळीत. जाळी बदलून घ्यावी का?

उत्तर : अजिबात बदलू नका, जाळी निर्दोष आहे. तुमचा ट्रेलर पिळला जातो आहे.

नुसत्या उताराने जाळी सहसा अडत नाही. उतार काढण्यासाठी कोपऱ्यांतले चार पाय फिरवून गाडी उचलली की ती अडते. हे पाय गाडी आत चालताना हलू नये म्हणून असतात, वजन उचलण्यासाठी नसतात. एक कोपरा उचलला की सांगाडा पिळतो, त्यावर बसलेली भिंत पिळते आणि खिडकीचा आयत तिरका होतो. जाळी आणि खाच यांच्यात मोकळी जागा असते जेमतेम २-३ मिलिमीटर. तेवढी जागा या पिळात संपते.

खात्री करायची असेल तर खिडकीचे दोन्ही कर्ण मोजा. ९० सेमी रुंद आणि ५० सेमी उंच खिडकीचा कर्ण सुमारे १०३ सेमी भरतो. घरी दोन्ही कर्ण सारखे आणि मुक्कामावर त्यांत ४-५ मिलिमीटरचा फरक, असे दिसले तर निदान पक्के.

गाडी लावायचा क्रम असा ठेवा. ट्रेलर मोटारीला जोडलेला असतानाच आडवी पातळी बघा. एक मीटरची पाणसळ दाराशी ट्रेलरच्या आतल्या जमिनीवर आडवी ठेवा आणि बुडबुडा मध्ये येईपर्यंत तिचे खालचे टोक उचला. त्या टोकाखाली २ सेमी फट पडली आणि दोन चाकांमधले अंतर १.८ मीटर असेल, तर खालच्या बाजूच्या चाकाखाली २ गुणिले १.८ म्हणजे ३.६ सेमी जाडीची फळी हवी. फळी पुढे ठेवून गाडी तिच्यावर ओढून घ्या. मग हँडब्रेक लावा, दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि त्यानंतरच मोटार सोडवा. पुढची-मागची पातळी ट्रेलर ओढायच्या दांडीवरच्या जॉकी व्हीलने (वर-खाली होणाऱ्या छोट्या चाकाने) साधा. पाय सगळ्यात शेवटी : आधी मागचे दोन, मग पुढचे दोन. पाय जमिनीला टेकला की वर फक्त अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही. काठाची माती भुसभुशीत असते, तिथे प्रत्येक पायाखाली १८ मिलिमीटर प्लायचा ३० बाय ३० सेमी तुकडा घाला, नाहीतर रात्रीतून एखादा पाय रुततो आणि पीळ पुन्हा येतो.

मुक्कामावर जाळी अडलीच, तर जोर करू नका. एकेक पाय अर्धा फेरा सैल करत जा आणि प्रत्येक वेळी जाळी हलवून बघा. जो पाय सैल केल्यावर जाळी सुटेल, त्यानेच गाडी उचलून धरलेली होती.

घरी सपाट जागेवरही कर्ण जुळत नसतील, तर गोष्ट गंभीर आहे. खिडकीखालची भिंत आतून अंगठ्याने दाबून बघा. ती मऊ लागली तर कडेच्या सीलंटमधून पाणी शिरून आतले लाकूड कुजले आहे. मग जाळीचा विचार सोडा, आधी खिडकी उतरवून लाकूड बदला.

प्रश्न (कराड) : आमच्या खिडक्यांना वरून जाळी आणि खालून पडदा असणारी कॅसेट (दोन्ही गुंडाळून ठेवणारी प्लॅस्टिकची चौकट) आहे. गळीत हंगामात गाडी अंगणात उभी असते. जाळी अडायला लागली म्हणून शिलाई मशीनचे तेल सोडले. आठवडाभर बरी चालली, आता पहिल्यापेक्षा वाईट अडते.

उत्तर : हंगामात पाचट जाळल्याची राख आणि कारखान्याच्या धुराड्यातली काजळी हवेत असते. ही राख कोरडी असेपर्यंत ब्रशने निघते. तेल पडले की तिचा काळा लगदा होतो आणि कॅसेटच्या बाजूच्या अरुंद खाचेत घट्ट बसतो. महाबळेश्वराकडच्या तांबड्या धुळीचेही असेच होते. पडद्याच्या कापडावर तेलाचा डाग पडला की तो निघत नाही, हा नुकसानीचा दुसरा भाग.

आता आधी तेल काढावे लागेल. जाळी आणि पडदा पूर्ण गुंडाळून खाच मोकळी करा. जुन्या मऊ टूथब्रशने वरून खाली झाडा आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा अर्धा चमचा घाला. आइस्क्रीमच्या काडीला सुती कापड गुंडाळा, द्रावणात बुडवून पिळा आणि खाचेतून फिरवा. कापड काळे येणे थांबेपर्यंत तुकडा बदलत राहा. तेल पडलेल्या खाचेला तीन-चार तुकडे सहज लागतात. मग साध्या पाण्याच्या कापडाने पुसा आणि रात्रभर उघडे वाळू द्या.

थिनर, रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट यांतले काहीही वापरू नका. कॅम्परच्या बहुतेक खिडक्या काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) असतात. असले द्रव लागले की अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक चिरांचे जाळे उमटते, आणि ते कोणत्याही पॉलिशने जात नाही.

खाच वाळल्यावर कोरडा सिलिकॉन स्प्रे वापरा. तो थेट खाचेत मारायचा नाही. कापडावर एकदा फवारा आणि ते कापड दोन्ही बाजूंच्या खाचांतून एकदा फिरवा, एका खिडकीला एवढे पुरते. दहा मिनिटांनी जाळी पाच-सहा वेळा वर-खाली करा. हंगाम चालू असेपर्यंत पंधरा दिवसांनी एकदा नुसता ब्रश फिरवला, तरी पुन्हा हा खटाटोप करावा लागत नाही.

एवढे करूनही एकाच ठिकाणी अडत असेल, तर कॅसेटची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्क्रू जास्त आवळल्याने प्लॅस्टिकची चौकट वाकली आहे. स्क्रूंवरच्या टोप्या काढून मधल्या भागातले स्क्रू अर्धा फेरा सैल करा. त्याने जाळी सुटली तर मागची भिंत सपाट नाही. स्क्रूच्या मागे एक मिलिमीटरची प्लॅस्टिक चकती घालून ते हलक्या हाताने बसवा. या कामाला ड्रिल मशीन लावू नका, साधा स्क्रू ड्रायव्हर बरा.

आणि रोजची सवय : जाळीची दांडी एका कोपऱ्याला धरून ओढू नये. दोन्ही हातांनी किंवा नेमकी मध्ये धरून ओढावी. तिरकी ओढल्याने जाळीची कड खाचेतून बाहेर येते. आलीच तर जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने आत सारावी.

प्रश्न (मिरज) : खालचा पडदा वर ओढता येतो, पण सोडल्यावर आपोआप गुंडाळत नाही. शेजारच्या खिडकीचा मात्र सटकन खाली आपटतो.

उत्तर : पहिल्याची स्प्रिंग सैल झाली आहे, दुसऱ्याची जास्त भरलेली आहे. पण स्प्रिंगला हात लावण्याआधी खाच साफ करून बघा. घाणीने अडलेला पडदाही असाच वागतो. त्यावर स्प्रिंग भरली तर पुढे खाच साफ केल्यावर पडदा आपटू लागतो.

स्प्रिंग भरायची असेल तर पडदा पूर्ण गुंडाळून, तो ज्या नळीवर गुंडाळतो ती नळी टोकांच्या कंसातून काढा. एका टोकाची खीळ गोल असते, दुसऱ्या टोकाची चपटी किंवा चौकोनी. स्प्रिंग या चपट्या टोकाला असते. कंसातून सुटताना ही खीळ गरकन फिरते, म्हणून नळी काढण्याआधीच ती पक्कडीत धरा आणि डोळ्यांवर चष्मा लावा. खीळ ज्या दिशेने फिरवताना जोर लागतो ती भरायची दिशा. एका वेळी दोन फेरे भरा, नळी कंसात बसवा आणि पडदा चालवून बघा. पडदा पूर्ण वर ओढल्यावर परत जायला स्वतःच निघाला, पण हाताने अडवता आला, म्हणजे ताण बरोबर. आपटणाऱ्या पडद्याचे दोन-दोन फेरे याच रीतीने उलट दिशेने सोडा. भरूनही जोर येत नसेल तर आतली स्प्रिंग तुटली आहे. नळी हलवली की खुळखुळते. मग नळीच बदलावी लागते.

स्प्रिंग सैल होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गाडी महिनोन्महिने पडदे ओढून उभी ठेवणे. ओढलेल्या पडद्यात स्प्रिंग सतत ताणलेली राहते. गाडी ठेवताना पडदे गुंडाळून ठेवा, ऊन नको असेल तर खिडकीवर बाहेरून कापड टाका. मिरजेच्या एप्रिलच्या उन्हात बंद पडदा आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यामध्ये कोंडलेली उष्णता खिडकीही वाकवते. दुपारी पडदा लावावाच लागला तर निदान एक तृतीयांश भाग उघडा ठेवा.

प्रश्न (विटा) : घड्यांचा पडदा एका बाजूने खाली, एका बाजूने वर असा तिरका राहतो. एक दोरा झिजला आहे. तंगूस घालून चालेल का?

उत्तर : तंगूस नको. ती गुळगुळीत आणि कडक असल्याने घड्यांची भोके कापत जाते. नायलॉनचा दोरा दमट हवेत सैल पडतो. विणीचा पॉलिस्टर दोरा घ्या, जाडी जुन्याएवढीच.

नेहमीच्या रचनेत दोन दोरे असतात. प्रत्येक दोरा वरच्या पट्टीपासून घड्यांतून खाली येतो, खालच्या पट्टीत आडवा जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि भिंतीवरच्या चकतीला बांधलेला असतो. म्हणून एका दोऱ्याची लांबी खिडकीची उंची अधिक पडद्याची रुंदी, वर गाठींसाठी ३० सेमी. ६० सेमी उंच आणि ९० सेमी रुंद पडद्याला एक दोरा १८० सेमी, दोन मिळून ३६० सेमी. चार मीटर आणा. सोडवण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. नव्या दोऱ्याचे टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून टोकदार करा, म्हणजे सुईची गरज पडत नाही.

एकच दोरा झिजला असला तरी दोन्ही बदला. नवा आणि जुना एकत्र असले की ताण सारखा होत नाही आणि पडदा पुन्हा तिरका होतो. ताण दोन्ही चकत्यांवर समान द्या : पडदा मध्यावर सोडला तर जागेवर थांबला पाहिजे. घसरत असेल तर दोन्हीकडे एकेक वेढा वाढवा. हलवायला जड वाटला तर तेवढाच कमी करा.

प्रश्न (तासगाव) : फाटलेली जाळी फॅब्रिकेशनवाल्याकडून बदलली. जाळी तबल्यासारखी ताठ बसली आहे, पण चौकट आता मध्येच अडते आणि कडेने डास येतात.

उत्तर : तो ताठपणाच दोष आहे. जास्त ताणलेली जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पट्ट्या आत ओढते. चौकटीची रुंदी टोकांना आणि मध्ये मोजा, मध्ये ३-४ मिलिमीटर कमी भरेल. रबर बिडिंग (जाळी खाचेत दाबून धरणारी रबरी दोरी) उपसून जाळी मोकळी करा. चौकट सपाट टेबलावर ठेवा आणि मध्ये मूळ रुंदीची लाकडी काठी अडकवा. नवी जाळी चारही बाजूंनी ५ सेमी जास्त कापा, नुसती सपाट अंथरा, ओढू नका. बिडिंग खाचेत दाबताना जाळी आपोआप पुरेशी ताणली जाते. आधी एक लांब बाजू, मग तिच्यासमोरची, शेवटी आखूड बाजू. बिडिंग जुन्याच जाडीचे घ्या. जाड घातले तर तेही पट्ट्या वाकवते.

प्रश्न (पाचगणी) : पावसाळ्यानंतर जाळीवर आणि पडद्यावर बुरशीचे काळे ठिपके आले आहेत आणि पडदा गुंडाळताना चिकटतो.

उत्तर : गाडी उन्हात घ्या, तोंडाला फडके बांधा आणि कोरड्या ब्रशने बुरशी गाडीबाहेर झाडली जाईल असे बघा. जाळीला पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात लावा, पंधरा मिनिटांनी धुवा. पडद्याच्या मागे चंदेरी थर असेल तर तिथे व्हिनेगरही नको आणि ब्लीच तर नकोच, थर सुटतो. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने टिपा, घासू नका. ठिपक्यांची फिकट खूण राहील, तिच्या मागे लागू नका. पूर्ण वाळल्याशिवाय पडदा गुंडाळू नका. पुढच्या पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी सगळे पडदे दोन-तीन तास उलगडून ठेवा आणि छपरावरचा झरोका बोटभर उघडा ठेवा.