तुलांबेनचं जहाज आणि मालवणचं सर्टिफिकेट

प्रश्न : मी ५७ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी मालवणला स्कूबा केलं, त्याचा व्हिडिओ आणि सर्टिफिकेटही मिळालं. मे महिन्यात मुलगी आम्हा दोघांना बालीला नेते आहे. तिथे बुडालेलं जहाज बघायला नवख्यांनाही नेतात, असं ती म्हणते. मला पोहता बेताचंच येतं, बीपीची एक गोळी चालू आहे, चष्मा आहे. हिचा सक्त विरोध आहे. जावं का?
— एक वाचक, सातारा

काका, जा. पण काकूंचं आधी ऐकून घ्या, त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

मालवणचं सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावा, बालीला मात्र दाखवू नका. तुम्ही पाण्याखाली जाऊन आलात, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. तिथे एका मुलानं मागून तुमचं सिलिंडर धरलं होतं; वर-खाली तोच करत होता, तुम्ही फक्त श्वास घेत होतात. व्हिडिओ परत लावून बघा, त्याचा हात दिसेल. स्वतःच्या जिवावर डुबकी मारायची तर ओपन वॉटर कोर्स लागतो. तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. कोर्स नसेल तर प्रशिक्षकाबरोबर, जास्तीत जास्त १२ मीटर.

तुमची मुलगी म्हणते ते जहाज म्हणजे तुलांबेनचं ‘लिबर्टी’. त्याचा सर्वांत वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे, तळ तीसच्या आसपास. म्हणजे बारा मीटरची मर्यादा पाळूनही भरपूर काही दिसतं. शिवाय बोटीची भानगड नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं.

ह्या जहाजाचं नशीब मला फार आवडतं. १९१८ साली अमेरिकेत बांधलं, पहिल्या महायुद्धात त्यानं सैन्याचे घोडे वाहिले. ११ जानेवारी १९४२ ला लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. तेव्हा पोटात रबर आणि रेल्वेचे सुटे भाग होते. दोन युद्धनौकांनी ओढत न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी भरत चाललं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते एकवीस वर्षं पडून होतं. लोकांनी माल काढला, निघेल तेवढं लोखंडही काढलं. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखी जागा झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज पुन्हा पाण्यात सरकलं. आता ते कुशीवर झोपलेलं आहे. तळाला सगळी काळी वाळू, आणि वाळूवर प्रवाळ धरत नाही. त्याच्या पिल्लांना बूड टेकायला काहीतरी घट्ट लागतं. शंभराहून अधिक मीटर लांबीचं लोखंड मिळाल्यावर त्यांनी ते सोडलं नाही.

माझी तिथली पहिली डुबकी फजितीची होती. किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोल गोटे आहेत, आणि लाट आली की ते पायाखाली घरंगळतात. मी पाठीवर सिलिंडर घेऊन म्हाताऱ्यासारखी डुगडुगत होते आणि गावातली एक बाई डोक्यावर सिलिंडर घेऊन, पायात साधी चप्पल, माझ्या शेजारून निघून गेली. सिलिंडर किनाऱ्यापर्यंत पोचवायचं काम तिथल्या बायकाच करतात. पाण्याखाली गेल्यावर जहाजाची बरगडी दिसली आणि मी हुरळून तिच्यावर गुडघा टेकला. तिथे पिसासारखं काहीतरी उगवलेलं होतं. वनस्पती वाटते, असतो प्राणी, आणि डंख मारतो. पुढे आठ दिवस गुडघा खाजवत होते. आमच्या वाटाड्यानं, त्याचं नाव कशाला सांगू, ‘हात लावू नका’ हे आम्हाला वर आल्यावर सांगितलं.

म्हणून एकच आग्रह धरते. जहाजापाशी जाण्याआधी अधांतरी स्थिर राहायला शिका. श्वास घेतला की शरीर जरा वर येतं, सोडला की खाली जातं. त्या श्वासावर एका जागी तरंगता आलं की तुम्ही गुडघा टेकणार नाही, हात मारणार नाही आणि हवाही पुरेल. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, त्यामुळे हवाही दुप्पट वेगानं संपते. घाबरलेला माणूस ती त्याहून लवकर संपवतो. बालीत पहिला एक दिवस पोहण्याच्या तलावात द्या. तिथे पैसे वाचवू नका. जहाजाच्या आत कोणी ‘चला, पटकन फोटो काढू’ म्हणून बोलावलं तर मान हलवून नाही म्हणा. आत शिरणं हे वेगळं शिक्षण आहे.

बीपीचं इथूनच बघून जा. डुबकीआधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो आणि गोळी चालू असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी मागतात. ती नसली तर किनाऱ्यावरून परत फिराल. फॉर्मवर खोटं लिहू नका. नंबरचा मास्क मिळतो; आधी फोनवर विचारून ठेवा. कान दर मीटरला मोकळे करा, दुखायची वाट बघू नका, आणि श्वास कधीही कोंडून धरू नका.

आणि सहलवाले हमखास करतात ती चूक : सकाळी तुलांबेन, दुपारी किंतामणी. किंतामणी साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे. पाण्याखालच्या दाबानं शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत उंचीवर जाणं आणि विमानात बसणं, धोका त्याच जातीचा : त्या वायूचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. किंतामणी आदल्या दिवशी उरका आणि परतीच्या विमानाआधी पूर्ण दिवस मोकळा ठेवा. जमलं तर तुलांबेनलाच मुक्काम करा. पहाटे डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे कळपानं येतात, आणि दक्षिणेकडून पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत तुम्ही नाश्त्याला बसलेले असाल.

काकूंना सांगा, लाइफ जॅकेट घालून, नळी तोंडात धरून वर तरंगलं तरी पाणी स्वच्छ असताना जहाजाचा माथा दिसतो. तुम्ही खाली काय करताय यावर लक्षही ठेवता येईल.

प्रश्न : आमच्याकडे निवतीजवळ नौदलाचं ‘गुलदार’ हे जुनं जहाज बुडवून प्रवाळ तयार करणार म्हणतात. माझे वडील मासेमारी करतात. ते म्हणतात, भंगार टाकायला समुद्रच दिसला. खरं काय?
— एक वाचक, वेंगुर्ला

तुमच्या वडिलांची शंका रास्त आहे. फ्लोरिडात सत्तरच्या दशकात ‘कृत्रिम प्रवाळ’ म्हणून सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले. बांधलेले पट्टे तुटले, टायर सुटले आणि वादळात जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन आदळले. ते काढायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. ते खरंच भंगार होतं.

जहाजाचं नीट केलं तर वेगळं घडतं. केमन बेटांजवळ २०११ मध्ये ‘किटिवेक’ हे अमेरिकी नौदलाचं जुनं जहाज बुडवलं. आधी तेल, वायरी, विषारी माल काढला, मग उजेड आत यावा आणि माणसाला बाहेर पडता यावं म्हणून बाजूंना मोठी भोकं पाडली. वीस मीटरच्या आतच असल्यामुळे नवखेही तिथे जातात. तरी २०१७ च्या एका वादळानं ते अख्खं जहाज कुशीवर पाडलं. आपला पावसाळा तुमच्या वडिलांना मी काय सांगणार! तेव्हा त्यांनी सभेत तीन गोष्टी विचाराव्यात : आतलं काय काय काढलं, लाटांनी हलणार नाही याची सोय काय, आणि जाळी कुठून टाकायची, कुठून नाही. लोखंडाला अडकून फाटलेलं जाळं कोणी नसतानाही मासे मारत राहतं. पाण्याखालच्या जुन्या लोखंडाभोवती गोबरा आणि तांबोशी जमतात, हे मात्र ते माझ्याआधीपासून जाणतात.

प्रश्न : पाण्याखाली फोटोसाठी मोबाइल नेला तर चालेल का? प्लास्टिकची पिशवी आहे.
— एक वाचक, ठाणे

ती पिशवी पावसासाठी असते. मोबाइल काकूंकडे द्या. कुठल्या काकू, ते वर वाचा.