वारस, उत्तराधिकारी आणि लागोपाठ

प्रश्न : एका भाषांतरित लेखात "तिने उत्तराधिकारात तीन सामने जिंकले" असं वाचलं आणि डोकं चक्रावलं. पुढे त्याच लेखात राजाच्या उत्तराधिकाराबद्दल होतं, ते बरोबर कळलं. इंग्रजीत दोन्हीकडे सक्सेशनच असतं म्हणे. मग मराठीत काय लिहायचं, आणि वारस नि उत्तराधिकारी एकच का?

उत्तर : चूक तुमची नाही, शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून चिकटवला की असंच होतं. सक्सेशन हा शब्द लॅटिनमधल्या 'मागून येणं' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आला, त्यामुळे सामन्यामागून सामना आला तरी तोच आणि राजामागून राजा आला तरी तोच. मराठीत सामन्यांसाठी सरळ 'लागोपाठ' किंवा 'सलग' म्हणायचं. माझ्या कानाला यात थोडा फरक वाटतो, सलग म्हटलं की मध्ये खंड नाही, आणि 'एकामागून एक' म्हटलं की मध्ये थोडा वेळ गेला तरी चालतं.

आता वारस. हा अरबीतल्या वारिसवरून आपल्याकडे रुळला. उत्तराधिकारी संस्कृत, आणि त्यातला 'उत्तर' म्हणजे जबाब नाही तर नंतरचा, उत्तरार्धातला असतो ना तोच. बोलताना आपण दोन्ही कसेही वापरतो पण मला हा फरक जपावासा वाटतो, कारण वारसाला वस्तू मिळते आणि उत्तराधिकाऱ्याला जागा मिळते. घर, दागिने, पैसा चार वारसांत वाटता येतो, गादी वाटता येत नाही, तिच्यावर एकालाच बसावं लागतं. म्हणून तर 'वारसा मिळाला' म्हणतो पण 'गादी चालवतो' म्हणतो.

हा फरक किती महागात पडतो ते झाशीला दिसलं. तिथले राजे गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले, आदल्याच दिवशी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता, तोच दामोदरराव. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने काय ठरवलं, तर दत्तक मुलगा राजाच्या खासगी मालमत्तेचा वारस होऊ शकतो, राज्याचा नाही, आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. एकच मूल, एकच दत्तकविधान, पण घरातल्या चीजवस्तूंपुरतं खरं आणि गादीसाठी खोटं! हे वाचलं की अजूनही संताप येतो.

प्रश्न : मोठी मुलगी असताना धाकटा भाऊ गादीवर येतो, हा नियम अजून आहे का?

उत्तर : काही ठिकाणी आहे. नियम देशागणिक किती वेगळे असायचे बघा, १८३७ मध्ये राजा चौथा विल्यम वारला, तो ब्रिटनचाही राजा होता आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही. ब्रिटनची गादी पुतणी व्हिक्टोरियाला मिळाली, पण हॅनोव्हरला घराण्यात पुरुष असेपर्यंत बाई चालत नव्हती म्हणून तिकडे तिचा काका गेला, म्हणजे शंभरावर वर्षं एकत्र असलेली दोन राज्यं एका मृत्यूने वेगळी झाली.

स्वीडनने १९८० पासून पहिलं मूल, मग मुलगा असो की मुलगी, असा नियम केला. तेव्हा धाकटा राजपुत्र जेमतेम सात-आठ महिन्यांचा होता, जन्मला तेव्हा युवराज होता आणि नवीन वर्षाला ते पद मोठ्या बहिणीकडे गेलं. ब्रिटनमध्ये हा बदल २०१५ ला लागू झाला, आणि २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांनाच, म्हणून राजकन्या शार्लट धाकट्या भावाच्या पुढे राहिली. जपानमध्ये मात्र १९४७ च्या कायद्याने आजही गादी पुरुषांनाच मिळते, सम्राट नारुहितोंना एकुलती एक मुलगी आहे तरी पहिला नंबर त्यांच्या भावाचा आहे.