लढाऊ विमानाचं इंजिन की इंधनाचा हिशेब?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. लढाऊ विमानांच्या इंजिनांचं मला वेड आहे आणि आकडेमोडही तितकीच आवडते. लष्करी विमानांच्या इंधनखर्चावर काम करायचंय असं घरी सांगितलं तर मामा हसले. म्हणाले, "युद्धात पेट्रोलचा हिशेब कोण ठेवतं?" बाबांचं म्हणणं, इंजिनिअरिंगचा नाद सोड, अर्थशास्त्र घे, पुढे सगळं बॅटरीवरच चालणार आहे. मी काय करू?

उत्तर : मामांचं बोलणं अगदीच चुकीचं नाही. बरीच वर्षं लष्करांत असंच चाललं. अमेरिकेचं बी-५२ बॉम्बर घे. यातलं शेवटचं विमान १९६२ साली कारखान्यातून बाहेर पडलं आणि ती विमानं आजही उडतायत. प्रत्येकाला आठ इंजिनं, टाक्यांत सुमारे १४१ टन इंधन. ही इंजिनं काढून कमी पिणारी नवी बसवू, असा प्रस्ताव बोइंगने १९९६ मध्ये दिला होता. तो बारगळला, कारण कागदावर बचत पुरेशी दिसेना.

गोम हिशेबात होती. इंधनाचा दर धरला होता तो जमिनीवरचा. लांबच्या मोहिमेत मात्र इंधन हवेतच, टँकर विमानातून घ्यावं लागतं. त्या टँकरची किंमत, त्याचे वैमानिक, त्याची देखभाल, त्याने स्वतः जाळलेलं इंधन, हे सगळं दुसऱ्याच खात्यावर पडत होतं. पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, डिफेन्स सायन्स बोर्ड या सल्लागार मंडळाने २००१ च्या अहवालात दोन्ही खाती एकत्र मांडली. जमिनीवर दीड डॉलरच्याही आत मिळणारं गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर इंधन हवेत पोचेपर्यंत साडेसतरा डॉलरला पडत होतं! तरीही निर्णय व्हायला २०२१ उजाडलं. तेव्हा रोल्स-रॉइसचं एफ-१३० इंजिन निवडलं गेलं. ७६ विमानं, म्हणजे ६०८ इंजिनं, शिवाय जादाची वेगळी. इंधनात ३० टक्क्यांच्या आसपास बचत अपेक्षित आहे. जुन्या इंजिनांचे सुटे भाग मिळणं कठीण होत चाललं होतं, हेही त्यामागचं तितकंच मोठं कारण. नुसत्या इंधनासाठी कोणी इंजिन बदलत नाही, एवढं या क्षेत्रात येताना माहीत असू दे.

म्हणजे हिशेब ठेवणारी माणसं लागतात. मग बाबांचं ऐकून अर्थशास्त्रच का घेऊ नये? वही काढ आणि माझ्याबरोबर एक गणित कर. आकडे सोयीसाठी गोल घेतलेत, पण वास्तवाला धरून आहेत. समज, एका लढाऊ इंजिनाचा साधा थ्रस्ट, म्हणजे विमान पुढे ढकलणारा जोर, ५,००० किलो आहे. दर किलो थ्रस्टमागे ते तासाला ०.८ किलो इंधन खातं. तासाचे झाले ४,००० किलो, मिनिटाला साधारण ६७. आता वैमानिकाने आफ्टरबर्नर लावला, म्हणजे जादा जोरासाठी इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेत आणखी इंधन फवारून जाळलं. थ्रस्ट गेला ८,००० किलोवर, पण दर किलोमागचा खप झाला १.८. तासाला १४,४०० किलो, मिनिटाला २४०. ताकद वाढली दीडपटीहून थोडी जास्त आणि खप साडेतीनपटीच्याही वर. पोटातल्या टाक्यांत तीन टन इंधन असेल तर साडेबारा मिनिटांत खडखडाट.

खर्चाच्या तक्त्यात यातलं "तासाला सरासरी इंधन" एवढंच दिसतं. ती सरासरी कशाने बनली, आफ्टरबर्नर किती मिनिटं लावला, विमान किती उंचीवर होतं, पंखांखाली काय लटकवलं होतं, हे इंजिन समजणाऱ्यालाच विचारता येतं. म्हणून माझं स्पष्ट मत : आधी मेकॅनिकल किंवा एरोस्पेस इंजिनिअरिंग. त्यातही थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स हे दोन विषय घोकून पास होऊ नकोस, मुरू दे. खर्चाचं शास्त्र, ऑपरेशन्स रिसर्च (गणिताने निर्णय घेण्याचं शास्त्र), स्टॅटिस्टिक्स हे पुढे पदव्युत्तर शिक्षणात किंवा नोकरीत राहूनही शिकता येतं. उलट्या दिशेने जाणं फार जड जातं.

आता तुला पडेलच असा प्रश्न : मग प्रवासी विमानासारखा मोठा पंखा लढाऊ इंजिनाला का लावत नाहीत? भरपूर हवा सावकाश मागे ढकलली तर इंधन वाचतं, हे खरं. पण रुंद इंजिन स्वनातीत, म्हणजे आवाजाहून जास्त, वेगात हवेचा विरोध ओढवून घेतं आणि लढाऊ विमानाच्या अंगात मावतही नाही. लढाऊ इंजिनात हवेचे दोन प्रवाह असतात : एक गाभ्यातून, म्हणजे इंधन जळतं त्या मधल्या भागातून, आणि दुसरा त्याच्या भोवतून. यावर तोडगा म्हणून हवेचा तिसरा प्रवाह गरजेप्रमाणे वापरणारी इंजिनं आली. जीई (जनरल इलेक्ट्रिक) या अमेरिकी कंपनीच्या एक्सए-१०० इंजिनाची चाचणी २०२० च्या अखेरीस सुरू झाली, लक्ष्य २५ टक्के कमी इंधनाचं. आणि २०२३ मध्ये अमेरिकी हवाई दलाने ते एफ-३५ या लढाऊ विमानासाठी नाकारलं! अब्जावधी डॉलरचा विकासखर्च आणि उभ्याने उतरणाऱ्या एफ-३५ मध्ये ते न बसणं, ही कारणं. आहे त्याच एफ-१३५ इंजिनाचा गाभा सुधारायचं ठरलं. इंजिन म्हणून काही बिघडलं नव्हतं, हरलं ते हिशेबात. असे निर्णय ज्या बैठकीत होतात, तिथे तुझ्यासारखी दोन्हीकडची माणसं हवी असतात.

एक कडू गोष्टही सांगते. लढाऊ इंजिनं बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत आणि लष्करी कामावर त्या बहुधा आपल्याच देशाचे नागरिक घेतात. त्यामुळे "लष्करी" या शिक्क्याचा हट्ट धरू नकोस. सीएफएम-५६ या प्रवासी विमानांच्या इंजिनाचा गाभा बी-१ बॉम्बरच्या एफ-१०१ इंजिनातून आला. पुढे तेच सीएफएम-५६ केसी-१३५ टँकरला बसवलं, तर टँकर २५ टक्के कमी इंधनात उडू लागला आणि दुसऱ्या विमानांना दीडपट इंधन देऊ लागला. प्रवासी इंजिनावर शिकलेलं वाया जात नाही. मिश्रधातू, ज्वलन, इंधनाचं रसायनशास्त्र या वाटाही इथेच येऊन मिळतात. लढाऊ विमानात इंधन जळण्याआधी वंगणाच्या तेलाची आणि इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता शोषून घेतं, हे माहीत होतं का? हा विषय दिसतो त्यापेक्षा खोल आहे.

राहिली बाबांची बॅटरी. किलोभर केरोसीनमध्ये साधारण १२,००० वॅट-तास ऊर्जा असते, चांगल्या लिथियम बॅटरीत २५० ते ३००. इलेक्ट्रिक मोटर जेट इंजिनापेक्षा कितीतरी कार्यक्षम, हे धरूनही दरी बुजत नाही. छोट्या ड्रोनला बॅटरी ठीक आहे, लढाऊ विमानाला नाही. बदललं तर इंधन बदलेल. अमेरिकी नौदलाने २०१० मध्येच एफ/ए-१८ विमान अर्ध्या जैवइंधनावर उडवून दाखवलं. नंतर २०१२ च्या कवायतीसाठी घेतलेलं जैवइंधन मात्र गॅलनला सव्वीस डॉलरच्या घरात गेलं. ते स्वस्त कसं होईल यावर अजून काम चालू आहे. बाबांना हे आकडे दाखव, आणि वरचं गणित मामांकडून सोडवून घे.