उलट टपाली : गूढ शब्दकोड्यांच्या शंका

मागच्या अंकात रोजच्या गूढ शब्दकोड्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं, व्हॉट्सॲप, व्हॉइस नोट सगळं सुरू झालं. साध्या कोड्याबद्दल एकाचाही प्रश्न नाही, सगळे गूढवालेच. यातले काही प्रश्न घेतोय, बाकीच्यांनी रागवू नये.

प्रश्न : साधं शब्दकोडं मी सकाळचा चहा संपेपर्यंत भरून टाकतो. गूढ कोड्यात मात्र पहिल्याच सूचनेला गाडी अडकली. ‘आईशेजारी मीठ, समोर सिंधुदुर्ग (४)’. मिठागरं असलेली सगळी गावं आठवून झाली, बसत एकही नाही. मुळात सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. (बँकेतून निवृत्त, रत्नागिरी)

उत्तर : काका, तुम्ही ते वाक्य म्हणून वाचलंत ना, तिथेच फसलात, आणि कोडं रचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. आई कोण, तिच्याशेजारी मीठ का ठेवलंय, स्वयंपाक चाललाय का, असला विचार करायचाच नाही. गूढ सूचनेचे सरळ दोन तुकडे असतात, एका तुकड्यात शब्दाचा साधा अर्थ आणि दुसऱ्यात तोच शब्द जुळवायची कृती, आणि तो अर्थ कायम एका टोकाला असतो, एकतर सुरुवातीला नाहीतर शेवटी, मध्ये कधीच नाही. त्यामुळे आधी दोन्ही टोकं चाचपायची. इथे शेवटी ‘समोर सिंधुदुर्ग’ आहे, म्हणजे ज्या गावासमोर किल्ला आहे ते गाव. उरलं काय, आई आणि मीठ. आई म्हणजे मा, मीठ म्हणजे लवण, शेजारी शेजारी ठेवा. मालवण! बंदरावर उभं राहिलं की कुरटे बेटावरचा किल्ला समोरच दिसतो. तुम्ही बहुधा माल आणि वण असा तोडत बसला असतात तर जन्मात सुटलं नसतं.

कंसातला आकडा घरांचा. मराठीत एक घर म्हणजे एक अक्षर, काना-मात्रा-अनुस्वारासकट, जोडाक्षर असलं तरी घर एकच, म्हणजे तुमची रत्नागिरी चार घरांत बसते. स्वल्पविराम, पूर्णविराम यांच्याकडे ढुंकूनही बघू नका, ते निव्वळ दिशाभूल करायला टाकलेले असतात.

मग कृती कोणती ते ओळखायचं, आणि त्यासाठी खुणेचे शब्द असतात. ‘पोटात’, ‘आत’, ‘दडलेलं’ असं काही दिसलं की उत्तर बहुतेक समोरच छापलेलं असतं. हे बघा, ‘एका लवादाने पोटात ठेवलेली पाण्याची वाट (३)’. वाचताना पाणीतंट्याची बातमी वाटते की नाही? पण पहिले दोन शब्द जवळ आणा, ए-का-ल-वा-दा-ने, पोटात काय आहे, कालवा. ‘उलट’, ‘फिरला’, ‘परत’ दिसलं की उलटं वाचायचं. माझी लाडकी सूचना यातलीच आहे, ‘उलट टपाली मिळाली डोंगराची उभी बाजू (२)’. टपाल म्हणजे डाक, ती उलटी केली की कडा. एरवी आपण पत्रात ‘उलट टपाली कळवावे’ लिहितो ते इतकं सवयीचं की डोळा त्यावरून घसरतो, खूण आहे हे लक्षातच येत नाही.

रोज आख्खं कोडं सुटलंच पाहिजे असा हट्ट नको. दोनतीन शब्द बसले की त्यांची अक्षरं आडव्याउभ्यात मिळतात आणि पुढचं आपोआप सोपं होत जातं.

प्रश्न : ‘बरसत बिघडलं पेय (४)’ ही काय मराठी झाली? मी सोलकढी लिहिलं, चार घरांत बरोब्बर बसलं, तर त्या कोपऱ्यातले सगळे उभे शब्द बोंबलले. उत्तरात सरबत छापलंय. सोलकढी पेय नाही का? (गृहिणी, गुहागर)

उत्तर : ताई, सोलकढी पेय आहे, आणि सरबतापेक्षा कितीतरी वरचं आहे हेही मान्य. पण मग ‘बरसत’ आणि ‘बिघडलं’ यांचं काय केलंत? गूढ कोड्यात सूचनेतल्या प्रत्येक शब्दाला काहीतरी काम असतं. उत्तर लिहिल्यावर एखादा शब्द बिनकामाचा उरला तर समजायचं उत्तर चुकलंय, किंवा मग रचणारा आळशी आहे. इथे ‘पेय’ हा अर्थ, ‘बरसत’ हा माल आणि ‘बिघडलं’ ही खूण, की अक्षरं विस्कटा. ब-र-स-त विस्कटून स-र-ब-त. विस्कटलं, गोंधळ, ढवळून, मोडतोड, झिंगलेला, पिसाटलेला, असल्या कुठल्याही शब्दाने ही खूण देतात, त्यामुळे असा शब्द दिसला की त्याच्या शेजारच्या शब्दाची अक्षरं मोजायची आणि कंसातल्या आकड्याशी जुळतात का बघायचं. जुळली तर पेन काढा.

भाषेचं म्हणाल तर तुमची तक्रार रास्त आहे. ‘बरसत बिघडलं पेय’ असं कोणी बोलत नाही. चांगल्या सूचनेत फसवणारं वाक्यसुद्धा सरळ मराठी असावं, ही कसर तिथे राहिलीच आहे.

प्रश्न : ‘उलटी वाहणारी नदी गरीब (२)’ याला मी दिन लिहिलं, मिसेस म्हणते दीन. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस धुसफूस आहे. एवढ्या एका वेलांटीने काय बिघडतं? (आंबा बागायतदार, देवगड)

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, तुम्ही आज भांडी घासा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, आणि नदी उलटी केली की दी आधी येतो, तो दीर्घच. शिवाय त्या घरातून खाली दीपमाळ उतरत असेल तर तिथे दि चालणारच नाही. ह्रस्वदीर्घाचं काय एवढं, असं आपण एरवी म्हणतो, पण कोड्यात वेलांटी बदलली की शब्दच बदलतो.

याच्याच जोडीला तुमचा दुसरा प्रश्न होता, अक्षरं विस्कटताना काना उचलून दुसऱ्या अक्षराला लावला तर चालतो का. काही रचणारे चालवतात. ‘मानव’ विस्कटून ‘वामन’ देतात, कारण म न व आणि एक काना हा ऐवज दोन्हीकडे सारखाच. मला हे अजिबात पटत नाही. घरात जर मा हे एक आख्खं अक्षर बसतंय, तर फिरवतानाही ते आख्खंच फिरलं पाहिजे. घर मोजताना अक्षर एकसंध आणि फिरवताना मात्र काना वेगळा, ही लबाडी झाली. ज्यांना चालते त्यांनी कोड्याच्या वर तसं छापावं म्हणजे सोडवणारा तयारीत राहील.

प्रश्न : अडल्यावर मोबाईलमध्ये बघितलं तर ती चीटिंग का? सासरे म्हणतात चीटिंग, आणि वर सगळ्या घराला ऐकू जाईल असं बोलतात. (शिक्षिका, वेंगुर्ला)

उत्तर : शब्दकोश बघणं ही चीटिंग नाही. मोल्सवर्थचा जुना कोश मोबाईलवर फुकट बघता येतो, त्यात असे असे शब्द सापडतात की सासरेही गप्प बसतील. शब्द जुळवून झाल्यावर तो खरंच आहे का, अर्थ तोच आहे का, हे तपासायला कोश हवाच. उत्तर मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बघा, आणि नुसतं बघून सोडू नका, ते कसं आलं ते उलटं जाऊन लावून बघा. शिकायला मिळतं ते तिथेच.

प्रश्न : हे खूळ मुळात कुणाचं? आणि इंग्रजी पेपरातल्या गूढ कोड्याच्या युक्त्या मराठीत जशाच्या तशा चालतात का? मी दोन्ही सोडवायला बघतो आणि दोन्हीकडे आपटतो. (नोकरदार, अलिबाग-मुंबई रोजची बोट)

उत्तर : शब्दकोड्याचं श्रेय आर्थर विन या लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या पत्रकाराला देतात. २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्डच्या रविवारच्या पुरवणीत त्याचं पहिलं कोडं आलं, पतंगासारख्या आकाराचं, पण ते साधं होतं. त्याला गूढ केलं इंग्लंडने. तिथे टॉर्केमाडा नावाने एक गृहस्थ १९२६ पासून ऑब्झर्व्हरमध्ये कोडी रचायला लागले, त्यांच्यानंतर झिमेनेस आले, आणि ही दोन्ही टोपणनावं स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या छळवादी प्रमुखांची! सोडवणाऱ्याशी आपलं नातं काय हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं म्हणायचं. झिमेनेसनी १९६६ मध्ये पुस्तक लिहून शिस्त लावली, अर्थ अचूक हवा, कृती प्रामाणिक हवी, फालतू शब्द नको. वर गुहागरच्या ताईंना सांगितलं ते तिथूनच आलेलं आहे. आणि हे निव्वळ रिकामटेकड्यांचं काम असं घरचे म्हणत असतील तर सांगा, १९४२ च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफने १२ मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती, आणि त्यातल्या काही जणांना नंतर ब्लेचली पार्कला जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला घेतलं.

युक्त्यांचं म्हणाल तर निम्म्या चालतात, निम्म्या नाही. इंग्रजीत एक मोठा प्रकार आहे तो कानाने ऐकायचा, उच्चार एक आणि स्पेलिंग दोन. मराठीत आपण बोलतो जवळपास तसंच लिहितो, त्यामुळे त्यात फार दम नाही. इंग्रजीतली दुसरी सवय म्हणजे संक्षेप, मेडन ओव्हर म्हटलं की एम, बोल्ड म्हटलं की बी, रसायनशास्त्राची चिन्हं, रोमन आकडे, हे पाठ असल्याशिवाय तिथे पान हलत नाही. तुम्ही आपटता ते बहुधा इथेच, क्रिकेट येत असेल तर अर्धं काम झालं समजा. मराठीत ती जागा सात सुरांनी भरून काढता येते, षड्ज म्हणजे सा, गंधार म्हणजे ग, निषाद म्हणजे नि. ‘सारात पडला गंधार, झाला समुद्र (३)’. सार या शब्दाच्या मधोमध ग टाका, सागर. इंग्रजी अक्षरांची नावंही आपण सर्रास बोलतोच की, मग ‘गिळ, चौथं इंग्रजी अक्षर, आत घुसलेलं समुद्राचं पाणी (२)’ म्हणजे खा आणि डी, खाडी. बोटीतून येताजाता समोरच असते.

प्रश्न : रोज कोडं सोडवलं तर विसरभोळेपणा कमी होतो का? (चिपळूण)

उत्तर : ते डॉक्टरांना विचारा. मी चष्मा कुठे ठेवला ते अजूनही शोधतो.

प्रश्न : मी बारावीला आहे. मला स्वतःला सूचना रचायच्यात. दोन पाठवतेय. एक, ‘उलटं केलं तरी तेच, सरळ केलं तरी तेच, समुद्रातून माल नेतं आणि बंदरात थांबतं (३)’. दोन, ‘चंद्र काढतो ती नोकरीची जाहिरात (३)’. जमतंय का? (दापोली)

उत्तर : जमतंय की! पहिलीत शब्द छान शोधलास, जहाज, ज-हा-ज, कुठूनही वाचा. फक्त सांगायच्या भरात सगळंच सांगून टाकलंस. माल नेतं कशाला, बंदरात थांबतं कशाला, सरळ केलं तरी तेच हे तर कुठल्याही शब्दाचं खरं आहे. कात्री लाव. ‘उलटलं तरी सरळच राहणारं तारू (३)’, बस. तारू हा अर्थ शेवटी आला, उलटलं ही खूण पुढे आली, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर वादळात पालथी होऊनही सावरणारी बोट उभी राहिली, म्हणजे तो चुकीच्या दिशेला गेला. त्याला असं चुकीच्या दिशेला पाठवायचं, पण खोटं एकही बोलायचं नाही. सूचना लिहून झाली की एकेक शब्द खोडून बघत जा, खोडल्यावरही उत्तर तेच निघत असेल तर तो शब्द नको होता.

दुसरीला मी हात लावत नाही. यात दोन तुकडे नाहीत, आख्खं वाक्य मिळूनच एक अर्थ आहे, हा प्रकार सगळ्यात अवघड आणि तू तो पहिल्या फटक्यात साधलास. वरच्या काकांना मी तुकडे करायला सांगितलं त्याला हा अपवाद. पुढच्या अंकाच्या कोड्यात ती जशीच्या तशी टाकतोय, उभे शब्द, १४ नंबर. किनाऱ्यावरच्यांना उत्तर सांगायची गरज नाही, घाटावरच्यांनी जरा डोकं खाजवावं.