‘उपचाराची प्रेरणा’ की ‘तयारी’?

प्रश्न असा होता की तुरुंगातल्या व्यसनी कैद्यांसाठीच्या प्रश्नावलीत ‘ट्रीटमेंट मोटिव्हेशन’ला ‘उपचाराची प्रेरणा’ म्हटलं तर चालेल का. कोशाप्रमाणे चालेल, पण कानाला खटकतं. प्रेरणा म्हटलं की थोरांची चरित्रं आणि भिंतीवरचे सुविचार आठवतात आणि इथे तर माणसाला एवढंच विचारायचंय की बाबा रे, तुला उपचार हवेत का आणि घेणार का.

गंमत म्हणजे मूळ अर्थ पाहिला तर शब्द फिट्ट बसतो. प्र + ईर्, म्हणजे पुढे ढकलणं. तुरुंगात ढकलणारे भरपूर, कोर्टाचा आदेश, लवकर सुटायची आशा, घरच्यांचा तगादा. पण तो अर्थ आज कुणाला ऐकूच येत नाही.

मी ‘तयारी’ म्हणेन, फक्त सगळं एकाच शब्दात कोंबू नका. टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या ज्या मापनपट्ट्या तुरुंगांतही वापरतात त्यात तीन गोष्टी वेगळ्या मोजतात: व्यसन हा प्रॉब्लेम आहे हे कळणं, मदत हवीशी वाटणं, आणि उपचाराची तयारी. आपलं ‘कळतं पण वळत नाही’ म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्यातली दरीच की.

खरी मजा क्रियापदात आहे. ‘मला सोडवत नाही’ हे शक्य क्रियापद, म्हणजे मनात आहे पण जमत नाही. ‘त्यांनी माझं व्यसन सोडवलं’ हे प्रयोजक, करणारा दुसराच. आणि ‘व्यसन सुटलं’ हे तिसरंच, आत माल मिळेना म्हणून बंद पडलं (मिळतोही कधीकधी, ते असो). त्यामुळे ‘व्यसन सोडलंय का’ असं विचारलंत तर ज्यांचं नुसतं सुटलंय तेही प्रामाणिकपणे हो म्हणणार आणि तुमचा डेटा बोंबलला. हा काथ्याकूट नाहीये, कारण खंड पडला की शरीराची सवय मोडते, बाहेर येऊन जुनाच डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांवरचा २००७ चा अभ्यास आहे, त्यात पहिल्या २ आठवड्यांत मृत्यूचा धोका इतरांच्या जवळपास १३ पट निघाला, आणि सगळ्यात मोठं कारण ओव्हरडोस.

तर शीर्षकात ‘प्रेरणा’ हवीच असेल तर ठेवा, साहेब लोकांना आवडते. आतली वाक्यं मात्र ‘उपचार घ्यावेसे वाटतात’ आणि ‘घ्यावे लागतात’ अशी वेगवेगळी ठेवा, आणि ‘लागतात’वर टिक केलेल्याला लगेच बाद करू नका, दडपणाने आलेलेही बरेचदा टिकतात.