कॉलेजच्या बेसबॉल टीमला पिचर (बॉल टाकणारा) व्हायचंय ना, मग आधी हे वाच

अरे स्पीडच्या मागे सगळेच लागतात, वेग मोजणाऱ्या रडार गनवर ताशी ९० माईल दिसले की स्काउट (खेळाडू शोधणारे) बघायला येतात हे खरंच आहे, पण कॉलेजचे बॅटर नुसता फास्टबॉल (पूर्ण जोरात टाकलेला सरळ बॉल) दोन-तीनदा बघितला की टायमिंग पकडतात आणि मग तुझा तोच बॉल कुंपणाबाहेर जातो. म्हणून पहिला बॉल स्ट्राइक, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीत, टाकायला शीक. काउंट (आधी चौकटीबाहेर गेलेले बॉल, मग स्ट्राइक) ०-१ झाला की बॅटर बचावात जातो, १-० झाला की त्याला हवा तो बॉल मिळण्याची वाट बघत बसतो, एवढा फरक पडतो. पिचर पॉल स्कीन्सचं बघ, २०२३ ला एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कडून २०९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), सगळे त्याच्या १०० माईलबद्दल बोलतात पण वॉक (चार बॉल बाहेर टाकल्यामुळे बॅटरला फुकट मिळणारा बेस) फक्त २० दिले होते रे, मला तरी तेच जास्त भारी वाटतं.

दुसऱ्या प्रकारचा बॉल म्हणून चेंजअप (फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा बॉल) शीक. हात फास्टबॉलसारखाच जोरात फिरला पाहिजे, ग्रिपमुळे बॉल आपोआप हळू जातो, हात स्लो केलास की बॅटरला लगेच कळतं. कर्व्ह, स्लायडर हे वळणारे बॉल नंतर.

आणि कोपर! क्रिकेटमध्ये हात सरळ असतो, इथे कोपर वाकवून झटक्यात उघडतं, सगळा ताण आतल्या लिगामेंटवर येतो. ते फाटलं तर टॉमी जॉन सर्जरी (ते लिगामेंट नव्याने बसवायचं ऑपरेशन), म्हणजे वर्षभर तरी बाहेर. दुखत असेल तर कोचला त्याच दिवशी सांग, लपवू नकोस प्लीज. जोर पायातून आणि कंबरेतून येतो, त्यामुळे जिममध्ये स्क्वॉट, डेडलिफ्ट चुकवू नको.